पाचोळ्याच्या उंचीवरून

सन २००० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने भूछत्रांच्या एका समूहाला कायद्याचे संरक्षण दिले. सिडनीच्या लेन कोव्ह उपनगरात, घरांच्या रांगांमागे, एका ओढ्याच्या काठाने रानाची एक पट्टी उरली आहे. लेन कोव्ह बुशलँड पार्क हे तिचे नाव. त्या पट्टीत थंडीच्या तोंडावर उगवणारी इवलीइवली, लाल-पिवळी-नारिंगी-हिरवी वॅक्सकॅप कुळातली भूछत्रे राज्याच्या १९९५ च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याखाली ‘धोक्यात आलेला जीवसमूह’ म्हणून नोंदली गेली. फुले, पक्षी, माकडे, कासवे यांच्यासाठी कायदे होतात याची आपल्याला सवय आहे. आठ-दहा दिवसांत विरघळून जाणाऱ्या, बहुतेकांनी कधी पाहिलेल्याही नसलेल्या बुरशीच्या समूहासाठी असे घडावे, हे ऑस्ट्रेलियात पहिल्यांदाच होत होते.

त्यामागे कुठल्या मोठ्या संस्थेची मोहीम नव्हती. रे आणि एल्मा केर्नी हे दांपत्य या रानात हिंडायचे. रे पेशाने रोगप्रतिकारशास्त्राचे अध्यापक, सिडनी विद्यापीठातले. भूछत्रे हा त्यांचा छंद. हंगामात त्याच त्या पायवाटांनी पुन्हापुन्हा जायचे, वाकून बघायचे, फोटो काढायचे, कुठे काय उगवले ते टिपून ठेवायचे आणि नमुने जाणकाराकडे धाडायचे, एवढा त्यांचा क्रम. जाणकार म्हणजे क्वीन्सलँडचे टोनी यंग, ज्यांनी पुढे २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या या कुळावर प्रमाणग्रंथ लिहिला. यंग यांनी नमुने तपासले तेव्हा त्यांत शास्त्राला अगदी नव्या असलेल्या जाती निघाल्या. एकीच्या नावात लेन कोव्ह आले: हायग्रोसायबे लेनकोव्हेन्सिस. दुसरीच्या नावात केर्नी आले: कॅमारोफिलॉप्सिस केर्नीआय. मोजता मोजता त्या लहानशा पट्टीत वॅक्सकॅपच्या विसाहून अधिक जाती भरल्या. एका उपनगराच्या परसात एवढे वैविध्य असेल, याची कोणाला कल्पना नव्हती.

हाती असलेले हे पुस्तक त्याच रानाचे आहे. त्याच्या मराठी लेखकाने इथे हंगामामागून हंगाम काढलेली छायाचित्रे आणि त्यांसोबतच्या नोंदी यांतून ते उभे राहिले आहे. प्रस्तावना लिहिताना माझे काम या विषयाचा परिसर वाचकाला फिरवून दाखवण्याचे आहे, कारण मराठीत भूछत्रांविषयी जे आढळते ते बहुतांशी शेतीच्या किंवा स्वयंपाकाच्या अंगाने. रानात उगवलेले भूछत्र न तोडता, न खाता, नुसते निरखायचे आणि त्याची नीट नोंद ठेवायची, ही रीत आपल्याकडे अजून रुळायची आहे.

आधी ‘बुशलँड’ म्हणजे काय ते सांगायला हवे. सिडनी शहर वालुकाश्माच्या पठारावर वसले आहे आणि ते पठार ओढ्यांनी चिरलेले आहे. सपाट माथ्यांवर घरे, रस्ते, शाळा झाल्या. उताराच्या, खडकाळ घळी बांधकामाला गैरसोयीच्या म्हणून मागे राहिल्या. मूळची झाडे, मूळची माती आणि तिच्यातले जीवन जसेच्या तसे टिकलेल्या अशा शहरी तुकड्यांना तिकडे बुशलँड म्हणतात. ही आखलेली बाग नव्हे आणि राखीव अभयारण्यही नव्हे. हे तुकडे टिकले त्याला नुसता भूगोल कारण नाही. लेन कोव्हच्या शेजारच्या हंटर्स हिलमध्ये केलीज बुश नावाची अशीच एक राई होती. ती तोडून तिथे घरे बांधायचा बेत झाला, तेव्हा तेरा गृहिणी पुढे आल्या. त्यांनी बांधकाम कामगारांच्या संघटनेला साद घातली आणि १९७१ मध्ये कामगारांनी तिथे काम करायला नकार दिला. जगातला पहिला ‘ग्रीन बॅन’ म्हणून तो ओळखला जातो. त्याच्याही आधीपासून, मॉस्मन भागात जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणी रानातले परके तण काढण्याची एक संथ पद्धत घडवत होत्या: जिथे रान सर्वांत सुदृढ आहे तिथून सुरुवात करायची, माती कमीत कमी हलवायची, आणि मोकळी झालेली जागा मूळच्या झाडांनी स्वतः भरून काढेपर्यंत पुढे सरकायचे नाही. आजही सिडनीभर रहिवाशांचे गट सुटीच्या दिवशी याच पद्धतीने हातांनी तण उपटत बसलेले दिसतात.

हे सारे भूछत्रांच्या पुस्तकात कशाला, असे वाटेल. पण माती न हलवण्याचा तो आग्रह नसता तर लेन कोव्हची भूछत्रे केर्नींना दिसलीच नसती.

कारण भूछत्र हा त्या जीवाचा दिसणारा, क्षणिक भाग असतो. खरा जीव म्हणजे मातीत, पाचोळ्यात, कुजत्या लाकडात पसरलेले धाग्यांचे जाळे. आंबा जसा झाडाचे फळ, तसे भूछत्र या जाळ्याचे. फक्त इथे झाड जमिनीखाली आहे आणि वर्षातून एकदा, तेही मनात आले तर, ते फळ वर काढते. जाळे अनेक वर्षे जगू शकते. ते उकरले गेले, तुडवले गेले, त्याच्या मातीचे रसायन बदलले, की वरती काही दिसेनासे होते आणि ते का, हेही कळत नाही.

पोट भरण्याच्या पद्धतीवरून बुरश्यांचे ढोबळ तीन वर्ग करतात. मेलेले कुजवून खाणाऱ्या. जिवंतावर जगणाऱ्या परजीवी. आणि झाडांच्या मुळांशी देवघेव करणाऱ्या. तिसऱ्या वर्गात झाड साखर देते, बुरशी पाणी आणि स्फुरदासारखी द्रव्ये आणून देते. निलगिरीची ऑस्ट्रेलियातली अफाट जंगले अशा भागीदारीवर उभी आहेत, आणि तिथले पोटोरू, बँडिकूट यांसारखे प्राणी जमिनीखालच्या भूछत्रांच्या गाठी उकरून खातात आणि विष्ठेतून बीजाणू दूरवर नेतात. या तीन वर्गांत वॅक्सकॅप कुठे बसतात? याचे उत्तर अजून पुरते मिळालेले नाही, आणि मला या साऱ्या विषयातला तोच भाग सर्वांत ओढ लावणारा वाटतो. युरोपात झालेल्या अभ्यासांत त्यांच्या अंगातल्या नत्राच्या आणि कर्बाच्या समस्थानिकांचे प्रमाण तपासले, तेव्हा ते पाचोळा कुजवणाऱ्यांशीही जुळले नाही आणि मुळांशी भागीदारी करणाऱ्या नेहमीच्या बुरश्यांशीही जुळले नाही. जिवंत वनस्पतींशी त्यांचे काही नाते आहे, एवढे दिसते. प्रयोगशाळेतल्या बशीत त्या सहसा वाढत नाहीत. म्हणजे त्यांना उचलून दुसरीकडे लावणे किंवा बागेत जतन करणे हा मार्ग जवळपास बंद आहे. त्यांना वाचवायचे तर त्यांची जागाच वाचवावी लागते.

दुसरेही एक कोडे आहे. युरोपात वॅक्सकॅप जुन्या, कधी खत न पडलेल्या कुरणांत उगवतात. गवताळ जमिनीत त्यांच्या किती जाती आहेत यावरून ती जमीन किती काळ अस्पर्श राहिली याचा अंदाज बांधतात. ऑस्ट्रेलियात त्या जंगलात येतात. लेन कोव्हमध्ये त्यांचे घर म्हणजे ओढ्याकाठची लिली पिलीच्या झाडांची दाट, ओलसर सावली. लिली पिली आपल्या जांभळाच्या कुळातली आहे. कुरण आणि सावली यांत काहीच साम्य नाही. पण खताचा मारा दोन्हीकडच्या वॅक्सकॅपना सारखाच घातक ठरतो, हे मात्र साम्य आहे. ते पुढे कामाला येईल.

आता भूछत्रांच्या अभ्यासाचा मागोवा. इटलीच्या मिकेली यांनी १७२९ मध्ये खरबुजाच्या फोडींवर बीजाणू पेरून बुरशी उगवून दाखवली. तोवर ती कुजण्यातून आपोआप उपजते असेच बहुतेक मानत. एकोणिसाव्या शतकात स्वीडनच्या एलियास फ्रीस यांनी रूपावरून आणि बीजाणूंच्या रंगावरून भूछत्रांची मांडणी केली आणि ती दीर्घकाळ चालली. हा वर्गीकरणकारांचा संप्रदाय. त्यांचा आधार म्हणजे वाळवलेला नमुना आणि सूक्ष्मदर्शक. ऑस्ट्रेलियाची भूछत्रे या संप्रदायाच्या हाती दुरून पडली. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लाबिलार्दियेर १७९२ मध्ये टास्मानियाच्या किनाऱ्यावर उतरले आणि तिथे त्यांना लाल बाहूंची, कुजक्या मांसाचा वास येणारी आसेरोए रुब्रा सापडली. शास्त्रीय नाव मिळालेले हे ऑस्ट्रेलियाचे पहिले भूछत्र. सिडनीच्या बागांत पसरलेल्या लाकडी भुशावर ते आजही उगवते. पुढे मेलबर्नचे वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड फॉन म्यूलर यांनी खेड्यापाड्यांतल्या हौशी लोकांना, त्यांत अनेक स्त्रियांना, नमुने गोळा करायला लावले आणि ते इंग्लंडला धाडले. तिथे बर्कली आणि कुक या अभ्यासकांनी त्यांना नावे दिली. कुक यांनी १८९२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बुरश्यांवर जाडजूड ग्रंथही लिहिला, कधी तिथे न जाता. वाळून तपकिरी पडलेल्या पुडक्यातून जे दिसेल तेवढ्यावर. गुलाबी होते की शेंदरी, बुळबुळीत होते की कोरडे, कुठल्या झाडाखाली होते, हे त्या पुडक्यात नसते. मूळ नमुने अजून परदेशातल्या संग्रहांत आहेत आणि ऑस्ट्रेलियन अभ्यासकांची त्याने आजवर अडचण झाली आहे.

ही उणीव जॉन बर्टन क्लेलँड यांनी ओळखली. ते वैद्यकातले, विकृतिशास्त्राचे. आधी सिडनीत आणि मग ॲडिलेडमध्ये काम करता करता त्यांनी ताज्या भूछत्रांची तपशीलवार टिपणे ठेवायची शिस्त घालून दिली आणि १९३४-३५ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या बुरश्यांवरचे त्यांचे दोन भाग निघाले. जिवंत वस्तू जागेवर पाहून लिहिलेले ते पुस्तक आजही वापरात आहे.

वैद्यकातल्या माणसांचा आणि भूछत्रांचा असा योग आपल्याकडेही आहे, आणि मराठी वाचकाला तो ठाऊक असायला हवा. भारतात भूछत्रे गोळा करून ओळखण्याचे काम ज्या पहिल्या भारतीयांनी केले त्यांत कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांचे नाव अग्रभागी आहे. ते लष्करी वैद्यकीय सेवेतले, मुंबईचे. औषधी वनस्पतींवरच्या बृहद्ग्रंथामुळे बामनदास बसूंच्या जोडीने त्यांचे नाव राहिले. हेच कीर्तिकर १९०९ च्या बडोद्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. भूछत्रांकडे पाहणारा माणूस संमेलनाच्या व्यासपीठावर अध्यक्ष म्हणून बसलेला होता, हे आपण विसरून गेलो आहोत. पुढे पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत बुरश्यांचा मोठा संग्रह उभा राहिला आणि महाराष्ट्रातल्या बुरश्यांच्या याद्या तिथल्या अभ्यासकांनी केल्या. पण ते काम शास्त्राच्या वर्तुळात राहिले. डोंगर चढणाऱ्या, पक्षी पाहणाऱ्या सामान्य हौशी माणसापर्यंत आले नाही.

दुसरा संप्रदाय परिसंस्थेकडे पाहणाऱ्यांचा. आल्बर्ट फ्रांक यांनी १८८५ मध्ये मुळे आणि बुरशी यांच्या सहजीवनाला नाव दिले, तिथपासून भूछत्र ‘काय आहे’ याइतकाच ते ‘काय करते’ हा प्रश्न महत्त्वाचा झाला. तिसरा संप्रदाय हौशी भटक्यांचा. १८६८ मध्ये इंग्लंडच्या हेरेफर्डमध्ये वूलहोप क्लबने सभासदांना घेऊन भूछत्रे शोधायची सहल काढली आणि ‘फोरे’ नावाची परंपरा सुरू झाली. सगळ्यांनी मिळून रानात पांगायचे, दुपारी टेबलावर सापडलेले मांडायचे, बुजुर्गांनी ओळखायचे. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात सुरू झालेल्या फंगीमॅपने ही परंपरा देशभरच्या नकाशाला जोडली: सहज ओळखू येणाऱ्या ठरावीक जाती निवडायच्या आणि त्या कुठेकुठे दिसतात हे सामान्य लोकांनी कळवायचे. आता आय-नॅचरलिस्ट या संकेतस्थळावर रोज जगभरातून फोटो येतात. आणि या सगळ्यावर जनुकीय अभ्यासाची नवी लाट आली आहे. डीएनएचा एक ठरावीक तुकडा २०१२ मध्ये बुरश्यांची ओळखपट्टी म्हणून मान्य झाला आणि फ्रीस यांनी रूपावरून एकत्र ठेवलेली कित्येक भूछत्रे वेगळी निघाली. वॅक्सकॅपची नावेही यामुळे वरचेवर बदलत आहेत. या पुस्तकात वाचकाला दोन-दोन नावे दिसतील ती म्हणूनच.

छायाचित्रण या संप्रदायांमध्ये कुठे बसते? माझे मत सरळ आहे. भूछत्राचा चांगला फोटो हा पुरावा असतो, आणि तो पुरावा म्हणूनच काढला पाहिजे. सुंदर तो त्यामुळे अधिकच होतो. न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागात स्टीव्ह ॲक्सफर्ड यांनी दाखवून दिले आहे की एका माणसाच्या धीराच्या छायाचित्रांमुळे जगभरच्या शास्त्रज्ञांना आपले लक्ष कुठे वळवायचे ते कळते. त्यांची, भूछत्र उमलतानाची टाइम-लॅप्स चित्रफीत लाखो लोकांनी पाहिली आहे. पण नवख्या माणसाचा फोटो बहुधा उभ्याने, वरून काढलेला असतो. त्यात छत्रीचा वरचा भाग दिसतो आणि बाकी काही नाही. ओळख पटवणारे जवळजवळ सगळे खाली असते.

लेन कोव्हमधल्या एका वॅक्सकॅपवरून हे नीट समजेल. हायग्रोसायबे अनोमालाचा जो वाण इथे सापडतो, तो वरून पाहिला तर एक लहानखुरे नारिंगी-पिवळसर भूछत्र, शेजारच्या दहा जणांसारखेच. पोटावर आडवे होऊन, दांड्याशेजारी बोटभर आरसा तिरपा धरला, तर छत्रीखालचे पापुद्रे त्यात दिसतात. ते पिवळट, मेणासारखे, एकमेकांपासून बरेच सुटे. आणि प्रत्येक पापुद्र्याच्या काठाला पेन्सिलीने ओढल्यासारखी जांभळी रेघ असते. ती रेघ दिसल्यावर या भूछत्राला नाव मिळते. तोडायची गरज पडत नाही, आणि तोडूही नये, कारण तो संकटग्रस्त म्हणून नोंदलेला वाण आहे आणि परवान्याशिवाय तो उचलणे कायद्याने गुन्हा आहे.

म्हणून एका भूछत्राचे निदान चार फोटो हवेत. वरून छत्री, बाजूने दांड्यासकट पूर्ण आकृती, खालून पापुद्रे, आणि थोडे मागे सरून आसपासची जागा: कुठले झाड, शेवाळ आहे का, मातीतून आले की लाकडातून. सोबत मोजपट्टी किंवा नाणे. लिली पिलीच्या सावलीत भर दुपारी संधिप्रकाश असतो. फ्लॅश मारला तर मेणचट पृष्ठभाग चकाकतो आणि रंग खोटे येतात. कॅमेरा जमिनीवर, तांदळाच्या लहान पिशवीवर टेकवून शटर बराच वेळ उघडे ठेवावे. हिरव्या छपराखाली सगळ्यावर हिरवट छटा चढते, तेव्हा एका फोटोत पांढरा कागद ठेवला की रंग नंतर सुधारता येतात. बारीक वस्तूत फोकसची पट्टी केसभर असते, म्हणून फोकस थोडाथोडा पुढे सरकवत बरेच फोटो घेऊन ते संगणकावर एकत्र जोडतात. वास, स्पर्श आणि बदल मात्र कॅमेऱ्यात येत नाहीत. काही वॅक्सकॅप हाताळल्या की काळ्या पडतात, काही गोगलगायीसारख्या बुळबुळीत असतात. ते वहीतच लिहावे लागते. अडथळा नको म्हणून आजूबाजूचा पाचोळा साफ करण्याची सवय मात्र पूर्ण टाळावी. ज्या पाचोळ्यात ते भूछत्र उगवते तोच आपण फोटोसाठी काढून टाकतो. या पुस्तकातल्या चित्रांत पुढ्यात आलेली काडी, वाळके पान तसेच दिसते, आणि त्यासाठी मी लेखकाचा मनापासून आभारी आहे.

खाण्याविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण मराठी माणसाची भूछत्रांशी ओळख जिभेतून झालेली असते. कोकणात, गोव्यात पहिल्या पावसानंतर वारुळांवर येणाऱ्या अळंब्यांची वाट पाहणारी घरे आहेत. त्या अळंब्या वाळवी स्वतः आपल्या वारुळात जोपासते. ऑस्ट्रेलियात वाळवी उदंड आहे, वारुळे माणसापेक्षा उंच आहेत, पण बुरशी पिकवणारी वाळवी तिथे नाही. त्यामुळे गावाकडचे ज्ञान तिथे लागू पडत नाही, आणि तेच जिवावर बेतते. युरोपातून आणलेल्या ओक वृक्षांच्या मुळांबरोबर ‘डेथ कॅप’ हे विषारी भूछत्र कॅनबेरा आणि मेलबर्नमध्ये आले. आशियातून आलेल्यांना ते आपल्याकडच्या भाताच्या पेंढ्यावरच्या अळंबीसारखे वाटते. २०१२ च्या सुरुवातीला कॅनबेरात ते शिजवून खाल्ल्याने दोन जण दगावले. शिजवल्याने त्याचे विष जात नाही, आणि त्रास काही तासांनी, विष यकृतापर्यंत पोहोचल्यावर सुरू होतो. फोनमधले एखादे ॲप फोटो पाहून नाव सांगते म्हणून ते खाऊ नये. या पुस्तकातले एकही चित्र खाण्यासाठी ओळख पटवायला दिलेले नाही.

आता, हे आजच का? लेन कोव्हच्या पट्टीला कायदा मिळाला, पण कायदा पाणी अडवत नाही. ओढा खाली, घरे वर. पाऊस पडला की रस्त्यांचे, अंगणांचे पाणी गटारांतून थेट घळीत उतरते आणि बागांतले खत, कुत्र्यांची घाण, तणांची बीजे घेऊन येते. वॅक्सकॅपना खत सोसत नाही हे आपण वर पाहिले. वाटेबाहेर पडणारा प्रत्येक पाय धाग्यांचे जाळे दाबतो, आणि त्यांत हौशी छायाचित्रकारांचेही पाय येतात. एखाद्या वर्षी भूछत्रे कमी आली तर ते पावसाच्या चढउतारामुळे की जाळे मरत चालल्यामुळे, हे एका हंगामात कळत नाही. त्यासाठी त्याच जागेच्या अनेक वर्षांच्या नोंदी लागतात. त्या नोंदी कोणतीही संशोधनसंस्था सतत ठेवू शकत नाही, कारण अनुदाने दोन-तीन वर्षांत संपतात. रोज जवळून जाणारा माणूस ठेवू शकतो.

जगभरात बुरश्यांकडे लक्ष वळते आहे हेही खरे. चिलीने २०१० मध्ये आपल्या पर्यावरण कायद्यात प्राणी आणि वनस्पतींसोबत बुरश्यांनाही स्थान दिले. आतापर्यंत सुमारे दीड लाख जातींना नावे मिळाली आहेत आणि शास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणे एकूण जाती २२ ते ३८ लाख असाव्यात. पण या लाटेबरोबर अतिशयोक्तीही आली आहे. सुझान सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये झाडांमध्ये कर्बाची देवाणघेवाण दाखवली, तो महत्त्वाचा शोध होता. त्यावरून पुढे ‘जंगलातली झाडे बुरशीच्या तारांनी एकमेकांशी बोलतात, आई लेकरांना जेवू घालते’ अशा कथा रचल्या गेल्या. २०२३ मध्ये जस्टिन कार्स्ट आणि सहकाऱ्यांनी सगळे पुरावे तपासून दाखवले, की प्रत्यक्ष जंगलातले आधार या कथांइतके भक्कम नाहीत. ज्या जीवाचे खरे वागणे अजून आपल्याला कळलेले नाही त्याच्यावर माणसाच्या गोष्टी लादणे मला योग्य वाटत नाही. या पुस्तकात तशा गोष्टी नाहीत. दिसले तेवढे लिहिले आहे.

आणि दिसले ते कसे लिहावे, हे शिकवणे हाच या पुस्तकाचा खरा उद्देश आहे. जातींची जंत्री म्हणून त्याकडे पाहू नये; त्यासाठी ब्रूस फ्यूरर यांची आणि यंग यांची मार्गदर्शके आहेत. इथे एकच ओढा, एकच सावली आणि मे ते जुलैचा एकच हंगाम पुन्हापुन्हा येतो. कोकणात आषाढसरी सुरू असतात, तेव्हा लेन कोव्हमध्ये थंडी असते आणि वॅक्सकॅप वर आलेल्या असतात. सिडनीतल्या मराठी कुटुंबांना मुलांना घेऊन जायला हा काळ उत्तम. आणि ज्यांना लेन कोव्हला जाणे शक्य नाही त्यांनी हीच पद्धत आंबोलीत, भीमाशंकरला, किंवा घराजवळच्या टेकडीवर वापरावी. मोसमी जंगलात जाती वेगळ्या भेटतील, तरी काही ओळखीच्याही निघतील: वाळक्या फांदीवरचे, खाली पंख्यासारखे चिरलेले पापुद्रे असलेले करडे स्किझोफिलम सह्याद्रीत आहे तसेच सिडनीतही आहे.

शेवटच्या विभागाकडे वाचकाचे विशेष लक्ष वेधतो. तिथली भूछत्रे अजून अनामिक आहेत. लेखकाने त्यांना अंदाजाने नावे दिलेली नाहीत. प्रत्येकाचे चारही फोटो, दिनांक, जवळचे झाड, मातीचा ओलावा, वास आणि सोबत उगवलेली इतर भूछत्रे एवढे सगळे मांडून जागा रिकामी ठेवली आहे. पुढच्या हंगामात त्याच झाडाखाली जाऊन कोणी एकाचे जरी नाव लावले, तर ते प्रकाशकाकडे जरूर कळवावे. दुसऱ्या आवृत्तीत ते छापले जाईल.